कॅलेंडरात सगळे आहेत, फक्त आपली प्रकृती नाही

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येणारे एक वाक्य आहे, "साहेब, यायचं होतं, पण वेळच मिळाला नाही." असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आळशी नसतो. तो बँकेत शाखाधिकारी असतो आणि मार्चअखेरची एकही मुदत त्याने आजवर चुकवलेली नसते. तो वकील असतो. कोणत्या पक्षकाराची तारीख कधी आहे, हे त्याच्या डायरीत नीट लिहिलेले असते. ती शिक्षिका असते, परीक्षेचे वेळापत्रक तिनेच बसवलेले असते. ती आरोग्यसेविका असते, उपकेंद्राखालच्या प्रत्येक बाळाची लस कधी आहे ते तिला तोंडपाठ असते. या सगळ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मध्येच दोन-तीन महिने बंद पडलेल्या असतात.

कारण साधे आहे. सुनावणीला तारीख असते, ऑडिटला तारीख असते, परीक्षेला तारीख असते. रक्तदाबाला नसते. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, नोटीस काढत नाही, स्मरणपत्र पाठवत नाही. तो वर्षानुवर्षे १४०/९० च्या वर राहिला तरी माणूस हिंडत-फिरत असतो, कामे उरकत असतो. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, आणि घरातल्या चार माणसांची पुढच्या कित्येक महिन्यांची कामे एकदम थांबतात. महिन्यातून एकदा दहा मिनिटे काढली असती तर यातले बरेच टळण्याजोगे होते.

वेळेचे नियोजन हा विषय आजवर व्यवस्थापनाच्या शिबिरांकडे सोपवला गेला. तो आरोग्याच्या सदरात यायला हवा, तो एवढ्यासाठी.

जिल्हा तारखा पाळतोच

धाराशिव जिल्ह्याला तारखा पाळता येत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. मृग लागला की सोयाबीनच्या पेरणीची धांदल सुरू होते, पावसाळा सरता सरता काढणी आणि पाठोपाठ ज्वारीची पेरणी येते. मोठ्या गावांचा बाजाराचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी दवाखान्यातही गर्दी वाढते, कारण लोक एका फेरीत दोन कामे उरकतात. आश्विनात तुळजापूरचे नवरात्र आणि मागोमाग कोजागरी. सोलापूरकडून, कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांसाठी एसटी, पोलीस, नगरपालिका आणि आरोग्य खाते आधीपासून कामाला लागतात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा. दसरा-दिवाळीच्या सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आसपास परततात.

म्हणजे वर्षाचा मोठा भाग वर्षभर आधीच ठाऊक असतो. नवरात्र कधी आहे हे कोणालाही अचानक कळत नाही. तरीही जानेवारीत बसून "कोणत्या महिन्यात आपल्यावर ताण येणार आणि तेव्हा कोणती कामे घ्यायची नाहीत" हे कागदावर मांडणारे अधिकारी, डॉक्टर, व्यापारी विरळाच. ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहिल्या नाहीत तर त्या दरवर्षी संकट म्हणूनच येतात.

स्वयंपाकघरातले नियोजन

वेळेच्या नियोजनाचे उत्तम उदाहरण शोधायला परदेशी पुस्तके उघडण्याची गरज नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केले आणि तिथी, सण, मुहूर्त यांसोबत घरचा हिशेबही भिंतीवर आला. दुधाचा रतीब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे, भिशीचा हप्ता, मुलाची सहल, लाईट बिलाची शेवटची तारीख, हे सगळे त्या छोट्या चौकटींत पेन्सिलीने किंवा पेनाने लिहिलेले असते. ते चालते याला चार कारणे आहेत. ते एकच असते. ते डोळ्यांसमोर असते. ते घरातल्या सगळ्यांना दिसते. आणि लिहिणारी बाई ते लक्षात ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही, लगेच लिहून मोकळी होते.

आता शिकल्यासवरल्या, कामाने गांजलेल्या माणसाचे पाहा. काही तारखा मोबाईलमध्ये, काही खिशातल्या डायरीत, काही व्हॉट्सॲपच्या निरोपांत, काही टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठ्यांवर, आणि उरलेल्या डोक्यात. चार ठिकाणी लिहिलेले कोठेच सापडत नाही. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर "उद्या काय राहिलं?" याची उजळणी सुरू होते आणि झोप उडते.

भिंतीवरच्या त्या पानात एक उणीव मात्र नेहमी दिसते. सासऱ्यांच्या शुगरच्या तपासणीची तारीख त्यावर असते, मुलीच्या परीक्षेची असते, नवऱ्याच्या विम्याच्या हप्त्याची असते. लिहिणाऱ्या बाईची स्वतःची एकही तारीख नसते. ती नोकरी करणारी असली तरी चित्र बदलत नाही, उलट अधिकच रिकामे होते. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर वर्षातून एकदा तपासायची असते. तोंडाच्या कर्करोगासाठी, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही, दर ५ वर्षांनी तपासणी करायची असते. उपकेंद्रांतून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ही सोय उभी राहते आहे. तारीख लिहिलेली नसली की सोय तिथेच राहते आणि बाई घरातच राहते.

इरादा आणि तारीख

"आता चालायला सुरुवात करायची आहे" आणि "सोमवारी सकाळी सहा वाजता घरापासून शाळेच्या मैदानापर्यंत चालणार" या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो मोजून पाहिला गेला आहे. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर पुष्कळ काम केले. ब्रिटनमधील एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही तरुणांना व्यायामाचे फायदे समजावून सांगण्यात आले आणि काहींना त्यासोबत आपण कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहायला सांगण्यात आले. केवळ फायदे ऐकलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. दिवस-वेळ-ठिकाण लिहिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला.

एवढा मोठा फरक प्रत्येक ठिकाणी दिसत नाही. अमेरिकेत एका कंपनीने कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीसाठी पत्रे पाठवली. काही पत्रांवर तारीख आणि वेळ लिहिण्यासाठी रिकामी जागा ठेवली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साध्या पत्रामुळे १०० पैकी सुमारे ३३ जणांनी लस घेतली, तर तारीख-वेळ लिहायला लावणाऱ्या पत्रामुळे सुमारे ३७ जणांनी. वाढ छोटी आहे, पण त्यासाठीचा खर्च म्हणजे कागदावरची दोन ओळींची जागा. ज्याने औषधाच्या दुष्परिणामांचा आणि किमतीचा विचार रोज करायचा असतो, त्या डॉक्टरला असा उपाय स्वस्तच वाटेल.

लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. अर्धवट राहिलेले काम मनात घोळत राहते, हे बहुतेकांच्या अनुभवाचे आहे. मासिकांपो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ साली दाखवले, की ते घोळणे थांबण्यासाठी काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही. ते कधी आणि कसे करायचे याची नेमकी योजना ठरली तरी मन बऱ्याच अंशी मोकळे होते. रात्रीची उजळणी थांबवायची असेल तर झोपेच्या गोळीआधी कॅलेंडर वापरून पाहावे.

आपल्या आरोग्य व्यवस्थेने हे तत्त्व वापरलेलेही आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याची ९ तारीख गरोदर मातांच्या तपासणीसाठी ठरवली गेली. गावातल्या सासूला, आशाताईला, रिक्षावाल्याला आणि डॉक्टरला एकच तारीख माहीत असते. "वेळ मिळेल तेव्हा या" आणि "नऊ तारखेला या" यांत किती अंतर आहे, ते प्रसूती विभागातल्या कोणत्याही परिचारिकेला विचारावे.

रिकाम्या चौकटीची किंमत

कॅलेंडर हाती घेतले की माणसे पहिली चूक करतात ती ते गच्च भरण्याची. कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी असतो. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारले, की प्रबंध किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी उत्तर आले ३४ दिवस. सगळेच बिनसले तर? ते म्हणाले, ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. घर बांधलेल्या कोणत्याही माणसाला हे आकडे नवे वाटणार नाहीत.

दुसरा मुद्दा रांगेच्या गणिताचा. डेन्मार्कमधील टेलिफोन अभियंता ए. के. एरलांग यांनी १९०९ पासून या शास्त्राचा पाया घातला. समजा, एका डॉक्टरला प्रत्येक रुग्णासाठी सरासरी ५ मिनिटे लागतात. रुग्ण मात्र हवे तेव्हा येतात आणि कुणाला कमी, कुणाला जास्त वेळ लागतो. डॉक्टरचा निम्मा वेळ भरलेला असेल तर रुग्णाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. ८० टक्के वेळ भरलेला असेल तर २० मिनिटे. ९० टक्के भरला तर ४५ मिनिटे, आणि ९५ टक्के भरला तर दीड तासाहून जास्त. काम थोडेसेच वाढते, खोळंबा मात्र अनेक पटींनी वाढतो.

माणसाच्या दिवसालाही हेच गणित लागू आहे. सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत प्रत्येक अर्धा तास भरून टाकला की एक अपघात, एक आजारी मूल, एक पंक्चर झालेली गाडी सगळा दिवस कोसळवते. मग कापले काय जाते? बैठक कापली जात नाही, पक्षकार कापला जात नाही. जेवण, चालणे आणि झोप कापली जाते. दिवसाचा निदान पाचवा हिस्सा मोकळा ठेवणे ही चैन नाही, हिशेब आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मांडलेला अंदाज इथे लक्षात घ्यायला हवा. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी जोडता येणारे मृत्यू जगभरात ७ लाख ४५ हजार होते. गच्च कॅलेंडर हे कर्तृत्वाचे लक्षण मानणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

वरिष्ठांचेही कॅलेंडर असावे

इथपर्यंतचा सल्ला व्यक्तीला आहे, पण सगळा भार व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. सकाळी साडेनऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, "आज ११ वाजता व्हीसी, सर्वांनी उपस्थित राहावे." कधी निरोप येतो तो जिल्ह्याच्या ठिकाणी दुपारच्या बैठकीचा. उमरग्याहून किंवा परंड्याहून धाराशिवला यायचे म्हणजे जाण्या-येण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. ही एका खात्याची गोष्ट नाही. शिक्षण, महसूल, ग्रामविकास, आरोग्य, बँका, सगळीकडे हेच चालते. ज्याच्या दिवसावर दुसऱ्याचा हात केव्हाही पडू शकतो, त्याला नियोजनाचे व्याख्यान देणे व्यर्थ आहे.

२०१८ साली हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या कार्यक्रमात प्रगती ४९ निर्देशांकांवर मोजली जाते आणि आरोग्य व पोषणाला त्यात मोठे वजन आहे. मोजणे आवश्यकच आहे. पण माहिती भरण्याची मुदत आणि लसीकरणाचे सत्र एकाच दिवशी आले, तर माहिती वेळेवर जाते आणि सत्र उशिरा सुरू होते. सोफी लरॉय या अभ्यासिकेने २००९ साली दाखवले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. औषधाची मात्रा लिहिणाऱ्या हाताच्या बाबतीत हे परवडणारे नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नियमित बैठकांचे वार वर्षाच्या सुरुवातीला ठरावेत आणि ते मोडू नयेत. बाजाराचा वार, ९ तारीख, लसीकरणाचा दिवस आणि यात्रेचा आठवडा बैठकांतून वगळावा. "तातडीचे" हा शब्द खरोखर तातडीच्या कामापुरता राखून ठेवावा. यासाठी निधी लागत नाही, नवे पद लागत नाही.

यात केवळ कर्मचाऱ्यांची सोय पाहिलेली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा विचार करा. तिचे कॅलेंडर मुकादमाच्या आणि कारखान्याच्या हाती असते. दसऱ्याच्या सुमारास जन्मलेल्या तिच्या बाळाच्या ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशी नेमक्या ती फडावर असताना येतात. टोळी निघण्याआधीच्या पंधरवड्यात आरोग्यसेविकेने तिच्या घरी जाऊन कार्डावर पुढच्या तारखा लिहून दिल्या, कोणत्या तारखेला जवळच्या दवाखान्यात दाखवायचे ते समजावले, तर त्या लशी चुकत नाहीत. त्या पंधरवड्यात आरोग्यसेविकेचा दिवस बैठकांत गेला, तर किंमत ते बाळ मोजते.

लिहायचे काय?

"इतके आखून जगायचे म्हणजे यंत्रच व्हायचे," असा आक्षेप अनेकजण घेतात. तो अगदीच चुकीचा नाही. प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवणारा माणूस स्वतःला आणि घरच्यांनाही जाच करतो. कॅलेंडर त्यासाठी नाही. मोजक्या गोष्टी डोक्यातून काढून कागदावर ठेवायच्या, म्हणजे उरलेल्या वेळात कट्ट्यावर निवांत बसता येते, एवढाच त्याचा उपयोग.

त्या मोजक्या गोष्टी कोणत्या? कॅलेंडर एकच ठेवावे. कागदाचे की मोबाईलचे, हा आवडीचा प्रश्न आहे. महिन्याच्या गोळ्या मिळत असतील तर त्या संपण्याच्या तीन दिवस आधीच्या चौकटीत "गोळ्या" असे लिहावे. संपल्यावर आठवले तर आठवडा जातो. वर्षाची तपासणी वाढदिवसाच्या महिन्यात ठेवावी, म्हणजे लक्षात ठेवावी लागत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने व पायांची तपासणी वर्षातून एकदा, या तारखा आजच लिहाव्यात. आठवड्याला १५० मिनिटे चालायचे तर ३० मिनिटांच्या पाच चौकटी वेळेसकट मांडाव्यात. झोपेचे सात तास आधी आखून घ्यावेत आणि दिवस त्याभोवती बसवावा. प्रवासाचा वेळ कामाच्या वेळेत धरावा. आठवड्यातली एक संध्याकाळ कोरी ठेवावी आणि तीवर रेघ मारून ठेवावी, नाहीतर ती कोणीतरी मागून घेतेच. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटे बसून पुढच्या आठवड्याकडे घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावे.

आणि भिंतीवरच्या पानात घरच्या बाईच्या नावाने किमान एक तारीख असावी. ती तिने लिहिली नाही, तर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लिहावी, आणि त्या दिवशी तिला दवाखान्यात सोबत करण्यासाठी स्वतःच्या कॅलेंडरातही तीच तारीख टाकावी.

डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंनाही हे सगळे लागू आहे. दिवसभर दुसऱ्यांचा रक्तदाब मोजणाऱ्या माणसाने स्वतःचा शेवटचा कधी मोजला, हे विचारले तर अनेकांना तारीख सांगता येत नाही. महिना संपत आला आहे. नवे पान उलटण्याआधी ती तारीख त्यावर लिहावी.